ओहोळापल्याडची रखमी

सावरपाड्यात पन्नाशीच्या वरच्या कुणाचीही बाही वर करा, दंडावर टोचणीची गोल खूण दिसेल, आत चुण्या पडलेली. बायांच्या दंडावर आहे, पुरुषांच्या आहे, आंधळ्या धाकल्याच्याही आहे. नाही ती फक्त रखमीच्या. डॉक्टर जीप घेऊन टोचायला आले तेव्हा तिला टोचण्याची गरजच उरली नव्हती. देवी तिच्या अंगभर येऊन गेली होती आणि जाताना तोंडावर बोट ठेवायला जागा सोडली नव्हती. ह्या डोंगरपट्ट्यातली ही शेवटची, असं तेव्हा डॉक्टर बोलले होते म्हणतात. शेवटची असण्याचा रखमीला काही फायदा झाल्याचं मात्र कुणाच्या ऐकिवात नाही.

पाडा कैनाड गावाच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. पाडा संपला की ओहोळ लागतो, आणि ओहोळापल्याड जंगलखात्याच्या हद्दीत रखमीचं एकटीचं कुडाचं घर. घरामागं दीडेक एकर उतार. भात तिथं होत नाही, नागली आणि वरई होते. त्या दीड एकरावर आधी रखमीची आई राबली, मग दोघी राबल्या, आणि आई गेल्यापासूनची वीस वर्षं रखमी एकटी राबते आहे.

नोव्हेंबर लागला होता. रखमी वाकून नागली कापत होती. एका हातानं कणीस धरायचं, दुसऱ्या हातानं विळा फिरवायचा, कणीस ओटीत टाकायचं. कंबर धरली की घटकाभर सरळ उभं राहायचं, परत वाकायचं. साठीला टेकलेलं अंग, पण तक्रार करायची तर ऐकायला कुणी हवं. तेवढ्यात ओहोळातल्या दगडांवरून उड्या मारत नविन आला.

नविन वनहक्क समितीचा सचिव. बारावी झालेला, डहाणूला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, त्यामुळं पाड्यातला प्रत्येक कागद आधी त्याच्या हातात जातो.

"आजी, गुरुवारी पाहणी हाय. तुमच्या जमिनीच्या दाव्याची."

"मना काय करायचा?"

"पुरावा दाखवायचा. दोन हजार पाचच्या आधीपासून तुम्ही इथं राहता, इथं कसता, ह्याचे दोन पुरावे. तलाठीबाई येतील, वनरक्षक येईल, समिती येईल."

"मी कधीची इथं हाय, आख्ख्या पाड्याला माहीत हाय."

"माहीत असून चालत नाय ना. कागदावर तुम्ही पाड्यात राहता. रेशनकार्ड भावाच्या घरचं, मतदार यादीत नाव भावाच्या घरचं. म्हणून तर मागच्या वेळी दावा फेटाळला." नविननं उताराच्या वरच्या कडेला बोट केलं. तिथं दगडांवर चुन्याचे पांढरे पट्टे ओढलेले होते. "खात्याची आखणी झाली हाय. यंदा दावा पास नाय झाला तर पावसाच्या आधी खड्डे मारतील, साग लावतील. मग तुम्हाला इथून उठावं लागेल."

रखमीनं ओटीतली कणसं टोपलीत ओतली. विळा कमरेला खोचला आणि घराकडं चालू लागली. नविन मागोमाग गेला.

दाराच्या उजव्या अंगाला, भिंतीवर, सुपाएवढा एक तुकडा होता. बाकीची भिंत सारवून सारवून जाड आणि गुळगुळीत झालेली, आणि हा तुकडा तेवढा खोलगट, तडकलेला, जुन्या मातीचा. त्यावर डांबरानं काढलेली अक्षरं. रखमीला वाचता येत नाही, पण तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं ते बरोबर वळणावळणानं.

नविननं खाली वाकून वाचलं, "देवी शोध. घर एक्केचाळीस. माणसं दोन. एकोणीस, पाच, चौऱ्याहत्तर." तो झटकन सरळ झाला. "आजी! एवढं असताना तुम्ही गप्प का बसलात?"

"कोणी विचारलां?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. टोचणीवाल्या साहेबानं हे लिहिलं तेव्हा रखमीच्या आईला सांगितलं होतं, बाई, हे पुसायचं नाही. आईनं ते मरेपर्यंत पाळलं. दर दिवाळीला भिंत सारवायची, त्या तुकड्याच्या कडेकडेनं हात फिरवायचा. कुडाच्या काठ्या दोनदा बदलल्या, पण तेवढ्या भागातल्या तशाच ठेवल्या. आई गेल्यावर रखमीनंही तेच केलं. तेव्हा पाड्यात घरं चाळीस होती. सरकारनं त्यांच्या झोपडीला एक्केचाळीसावा नंबर दिला. पाड्यानं कधी दिला नाही, म्हणून त्या दोघींना त्या नंबराचं मोल होतं.

"फोटो काढ," रखमी म्हणाली.

"आता काढून उपयोग नाय. गुरुवारी सगळ्यांसमोर काढायचा, पाहणीच्या ॲपमधून. जागेचा ठिकाणा, तारीख, सगळं त्यात येतं." नविन खुशीत होता. "तुम्ही निवांत राहा. कणसं कापा."

तो दगडांवरून उड्या मारत गेला. रखमी त्याच्याकडं तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. बऱ्याच महिन्यांनी कुणीतरी तिच्या दारात येऊन तिच्याशी चार वाक्यांपेक्षा जास्त बोललं होतं. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

मंगळवारी ती बोर्डीकडं चिकूच्या वाडीत मजुरीला गेली. टेम्पो पाड्याच्या तोंडाशी येतो. बाया फळ्यांवर दाटीवाटीनं बसतात, एकमेकींच्या मांडीवर पोरं ठेवतात. रखमीसाठी मागच्या कडेची जागा नेहमी मोकळी असते. तिला कुणी तिथं बस म्हणत नाही, आणि पुढं सरक असंही म्हणत नाही. त्या दिवशी एका नव्या बाईच्या कडेवरचं पोर तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होतं. पोरानं हात पुढं केला, तिच्या गालाला लावायला. आईनं तो पटकन मागं ओढला आणि दुसरीकडं बघून हसली. रखमी म्हणाली, "लागत नाय आता ते. पन्नास वर्सां झाली." बाई म्हणाली, "तसं नाय हो, मावशी." पण पोराचा हात तिनं धरून ठेवला.

दिवसभर चिकू उतरवले, देठ मोडले, क्रेटमध्ये रचले. चिकूचा चीक बोटांना बसला की दोन दिवस जात नाही. संध्याकाळी ती ओहोळ ओलांडून आली तेव्हा अंगणात संगिता उभी होती. कोपरापर्यंत शेणानं माखलेली, घामेजलेली, आणि तोंडभर हसू.

संगिता म्हणजे रखमीच्या मेलेल्या भावाच्या पोराची, लाहूची बायको. लाहू आठ महिने बोटीवर खलाशी असतो, गुजरातच्या बंदरात. घरी संगिता आणि दोन पोरं. ह्या सुनेचं आणि रखमीचं वाकडं काही नव्हतं. येणंजाणंच नव्हतं, सणाला भाकर-भाजी पोचवण्यापुरतं होतं.

"आते, बघ! सगळां सारवलां. नविन बोलला, परवा साहेब येणार. मी बोलली, साहेब येणार तं घर बरां दिसायला नको? तुझी कंबर दुखते. सकाळपासून लागले होते."

रखमीनं भिंतीकडं बघितलं. दारापासून कोपऱ्यापर्यंत ओलं, हिरवट, एकसारखं सारवण. बोटांच्या कमानी कशा ओळीनं उठल्या होत्या. हात चांगला होता पोरीचा.

"इथं पोपडा होता," रखमी म्हणाली. "दाराच्या ह्या अंगाला."

"हां, तो सगळा सुटला होता. सारवण धरलां नसतां त्याच्यावर. आधी विळ्यानं खरवडून काढला, मग नवी माती भरली."

रखमी उकिरड्याकडं गेली. शेणात, राखेत, केरात हात घालून तिनं पोपडे काढले. काही बोटाएवढे होते, काहींचा हातातच भुगा झाला. काळ्या रेघेचे सहा-सात तुकडे सापडले. तिनं ते अंगणात मांडले, ह्याला ते जोडून बघितलं. एक वेलांटी जुळली. बाकी काही जुळलं नाही.

संगिताला हळूहळू उमजलं. ती खाली बसली आणि शेणाचे हात तसेच डोळ्यांना लावून रडू लागली. "मना कोणी सांगलां नाय, आते. मना काय माहीत."

तिला कुणी सांगितलं नव्हतं हे खरंच होतं. रखमीला ओरडावंसं वाटलं. पण पन्नास वर्षांत त्या घराला पाड्यातल्या कुणी मायेनं हात लावला नव्हता. आज लावला, आणि तोच नडला. आता ओरडावं तरी कुणावर? तिनं मडक्यातलं पाणी काढलं, संगिताच्या हातावर ओतलं आणि म्हणाली, "डोळे धू. शेण जाल डोळ्यात."

बुधवारी सकाळी नविननं भिंत बघितली आणि कपाळाला हात लावला. त्या दिवशी फोटो काढला नाही म्हणून तो स्वतःलाच शिव्या देत होता. मग म्हणाला, "एक रस्ता हाय. वडीलधाऱ्या माणसाचा जबाब. कायद्यात बसतो. तेव्हाचं ज्यानं डोळ्यांनी बघितलं असा माणूस."

"तेव्हाचां कोण रायलां?"

दोघांनी मोजून बघितलं. धाकल्या तेव्हा चार वर्षांचा. हाल्या गेला, काळ्या गेला. उरला सुकऱ्या. त्याचा बाप तेव्हा पाड्याचा कारभारी होता, आणि सुकऱ्या वीस वर्षांचा.

रखमी दुपारी त्याच्याकडं गेली. ओहोळ ओलांडून पाड्यात जाताना तिची पावलं नेहमीच जड होतात. तिला ते कळतं आणि स्वतःचा राग येतो. त्याला कारण होतं. देवी आलेल्या माणसाला पाडा बाहेर ठेवायचा, आणि बरं झालं की पाड्यानंच जाऊन, हातात नारळ घेऊन, हाक मारून परत आणायचं, अशी रीत. आपल्या पायानं उठून परत यायचं नसतं. रखमीचा बाप मिठागरावरून ताप घेऊन आला आणि आठ दिवसांत गेला. मग सात वर्षांच्या रखमीला फोड आले. पाड्यानं आईला आणि तिला ओहोळापल्याड झोपडी घालून दिली. तीन वर्षांचा भाऊ काकाकडं ठेवला. रखमी जगली. जीप आली, पाडा टोचला, महिनाभर दारावर राखणदार बसला, तोही गेला. आईनं गाठोडं बांधून ठेवलं. हाक येईल म्हणून ती रोज सकाळी ओहोळापर्यंतची वाट झाडायची. हाक आली नाही. पहिला पाऊस झाला, दुसरा झाला. भाऊ काकाच्या घरात मोठा झाला, आईला ओहोळाच्या काठावरून ओळख द्यायचा. गाठोड्याचं कापड कुजलं तेव्हा आईनं ते सोडलं आणि उतारावर नागली पेरली.

सुकऱ्या ओट्यावर बसून बांबूच्या कामट्या सोलत होता. सत्तरीचा माणूस, पण हात चालत होते. रखमीला बघून त्याचा हात थांबला.

"दादा, उद्या पाहणी हाय. तू दोन शब्द बोल. आमाला पाड्यानं तिकडं ठेवलां, तेव्हापासून आमी तिकडंच हाव, एवढांच."

"मना नाय आठवत आता."

"तू भाकर आणून ठेवायचास. ओहोळाच्या मोठ्या दगडावर. मी बघायचे."

"तो दुसरा कोण असल."

"तूच व्हतास. तांबडा मुंडासा व्हता तुझा."

सुकऱ्यानं कामटी उचलली, तिच्यावर कोयता ठेवला आणि तो तसाच धरून बसला. "लय वर्सां झाली, रखमी. डोक्यात काय रायत नाय. तू जा." त्याची सून आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली तोवर रखमी उठली होती. माणूस नाही म्हणाला तर एक वेळ चालतं. पण त्यानं भाकर आणल्याचंसुद्धा नाकारलं, हे तिला फार लागलं. त्या भाकरीवर त्या दोघी जगल्या होत्या.

त्या संध्याकाळी तिनं जेवण केलं नाही. मोडलेले पोपडे एका फडक्यात बांधले, परत सोडले, आणि ओहोळात नेऊन टाकले.

गुरुवारी अकरा वाजता सगळे आले. तलाठीबाई डोक्यावर रुमाल घेतलेल्या, पायात बूट. वनरक्षक तरुण, बाहेरगावचा, बोलायला नम्र. समितीची दहा-बारा माणसं, चार बाया, मागं संगिता. पन्नास वर्षांत त्या अंगणात एवढी माणसं जमली नव्हती. रखमीकडं बसायला द्यायला दोनच गोणपाटं होती. ती कुणासमोर टाकावीत हे तिला कळेना, मग तिनं ती तशीच हातात धरून ठेवली.

मोजणी झाली. वनरक्षकानं घरामागच्या फणसाला टेप लावला, आकडा बघितला आणि म्हणाला, "झाड जुनं आहे. चाळीस वर्षांचं तरी असेल. हा एक पुरावा धरू." नविनचा चेहरा उजळला. मग वनरक्षकानं घराच्या भिंतीला बोट लावलं. बोटाला ओलं शेण लागलं.

"हे घर मात्र परवाचं दिसतंय, आजी."

"सारवलंय परवा," नविन म्हणाला. "घर जुनं हाय, साहेब. इथं चौऱ्याहत्तर सालचं लिहिलेलं होतं, मी स्वतः वाचलं."

"कुठे?"

नविननं ओली भिंत दाखवली. कुणीतरी हसलं. संगितानं पदर तोंडाशी घेतला.

"मी नाही म्हणत नाही हो," वनरक्षक म्हणाला, "पण मी काय लिहू? झाडानं शेती ठरते, राहणं ठरत नाही. ही बाई पाड्यात भावाकडं राहत होती आणि इथं नुसती शेती करत होती, असंही असेल. कागद तर तेच सांगतात."

समितीतला एकजण म्हणाला, "साहेब, तिचं तोंडच बघा ना. देवी आलेल्याला पाडा बाहेरच ठेवायचा. तोंडच पुरावा हाय."

सगळ्यांनी रखमीच्या तोंडाकडं बघितलं. तलाठीबाईंनी बघितलं, वनरक्षकानं बघितलं. रखमीला वाटलं, मान खाली घालावी. मग वाटलं, घातली तर दावा जाईल. ती उन्हात तोंड वर करून उभी राहिली, हातात गोणपाटं धरून. एवढी माणसं एवढा वेळ तिच्या तोंडाकडं याआधी कधी बघत राहिली नव्हती.

तलाठीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "असं नको. तोंडावरचे व्रण म्हणजे राहण्याचा पुरावा होत नाही. मावशी, तुम्ही खाली बसा."

तेवढ्यात ओहोळाकडून काठीचा आवाज आला. सुकऱ्या येत होता. दगडांवरून त्याला नीट येता येईना. दोन पोरं धावली, त्यानं त्यांना हातानं बाजूला केलं आणि गुडघाभर पाण्यातून चालत आला. अंगणाच्या कडेला उभा राहून त्यानं दम घेतला.

"लिही," तो नविनला म्हणाला. "मी सांगतो ते लिही."

नविननं फाईलवर कोरा कागद घेतला.

"ह्यांना पाड्यानं इथं ठेवलां. माझा बास कारभारी व्हता, त्यानं ठेवलां. ही झोपडी मी, हाल्या न् काळ्यानं मिळून बांधली. भाकर मी आणायचो." तो थांबला. "जीप आली. आमी सगळी टोचून घेतली. हिला देवी आली म्हणून जीप आली, नायतर आमच्याकडं कोण येत व्हता? हिच्यामुळां पाडा वाचला. मग महिना झाला, बास बोलला, आता त्यांना बोलवायचां. नारळ माझ्या हातात दिला. बोलला, जा, हाक मार, घेऊन ये."

रखमीच्या हातातली गोणपाटं खाली पडली.

"मी ओहोळापर्यंत आलो. ही उंबऱ्यावर बसली व्हती. तोंडाच्या खपल्या काढत व्हती. मना भ्या वाटलां. टोचून घेतलां व्हतां तरी भ्या वाटलां. मी हाक मारली नाय. नारळ ओहोळात टाकला. घरी जाऊन बासला सांगलां, त्या येत नाय बोलल्या. आमी इथंच बऱ्या, असां बोलल्या. बासला राग आला. पाड्याला राग आला, आमी बोलवलां तरी येत नाय. मग कोणी परत बोलवलां नाय."

तो खाली बसला. काठी बाजूला ठेवली. मग वनरक्षक म्हणाला, "जबाब चालेल. हा पक्का पुरावा आहे." आणि त्यानं टोपी काढून घाम पुसला.

नविननं लिहिलं. सरकारी भाषेत लिहायची त्याला सवय होती. लिहून झाल्यावर त्यानं मोठ्यानं वाचलं, "…तेव्हापासून सदर महिला व तिची मयत आई या जागेवर स्वखुशीने वास्तव्य करून शेती कसत आल्या आहेत."

"काय बोललास?" रखमीनं विचारलं.

"म्हणजे आपल्या मर्जीनं राहता, आजी. तसं लिहितात सगळीकडं."

"ते खोड."

तलाठीबाईंनी घड्याळ बघितलं. त्यांना अजून दोन पाडे करायचे होते. "मावशी, त्यानं काही फरक पडत नाही. तुमचा दावा पास होतोय. अंगठा द्या."

"फरक कसा नाय? पन्नास वर्सां आमी खुशीत बसलो, असां पाडा समजला. त्याचपायी कोणी आलां नाय. आता सरकारपण तेच लिहिल? माझी आयस खुशीत नव्हती. ती रोज ही वाट झाडायची. मी नाय अंगठा देत."

"खाडाखोड चालत नाही, आजी," वनरक्षक म्हणाला. "सगळं परत लिहावं लागेल. परत सगळ्यांच्या सह्या."

"मग लिवा परत."

रखमी अंगणात मांडी घालून बसली. दावा जातो की राहतो ह्याची भीती तिला होतीच. नविननं तलाठीबाईंकडं बघितलं. बाईंनी सुस्कारा सोडला आणि फणसाच्या सावलीत जाऊन बसल्या. "लिही बाबा. पण पटकन."

नविननं नवा कागद घेतला. पेन टेकवून विचारलं, "काय लिहू मग?"

"घडलां तसां लिव. पाड्यानं ठेवलां. बोलवलां नाय."

नविननं लिहिलं आणि वाचून दाखवलं. समितीची माणसं एकमेकांकडं बघू लागली. पाड्यानं बाहेर ठेवले व परत बोलावले नाही, ह्याखाली आपली सही करायची म्हणजे आपल्या बापाची चूक कबूल करायची. कुणी पुढं येईना. शेवटी सुकऱ्या सरकत सरकत आला. शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला, इतका जोरात की कागद फाटेल असं वाटलं. मग एकेक करून बाकीचे आले. सगळ्यात शेवटी रखमीनं अंगठा दिला.

माणसं पांगली. ठराव होईल, कागद प्रांताकडं जाईल, पण आता अडचण नाही असं नविन दोनदा सांगून गेला. सुकऱ्या मागं राहिला.

"रखमी, काय तरी बोल. शिव्या दे."

रखमीनं त्याच्याकडं बघितलं. म्हातारा झाला होता, पाय ओले होते. तिला त्याची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला. "तुझा बास बोलवत व्हता, ह्यां माझ्या आयसला कळायला पाहिजे व्हतां," ती म्हणाली. "ती वीस वर्सांपूर्वी गेली. मना आता सांगून काय करू मी? जा, ऊन हाय तवर ओहोळ उतर."

तो गेला. ती शेतात जाऊन उरलेली नागली कापू लागली. दिवस कलता कलता संगिता परत आली. तिनं न विचारता टोपली उचलली, कणसं अंगणात आणून ओतली. काम झाल्यावर ती म्हणाली, "आते, आज आमचेकडं चल. बोंबील आणलेत. पोरां वाट बघतात तुझी. रातची तिकडंच झोप."

रखमीला जावंसं वाटलं. खरंच वाटलं. पोरांच्या अंगाला अंग लावून झोपावं, कुणी रात्री पाणी मागावं, असं वाटलं. ती दोन पावलं वाटेपर्यंत गेलीसुद्धा. मग थांबली.

"आजच अंगठा दिलाय मी," ती म्हणाली. "इथंच रायते म्हणून. पहिल्याच राती नाय रायले तं कागद खोटा व्हल ना?"

संगिता हसली. आते थट्टा करते आहे असं तिला वाटलं. मग तिनं रखमीच्या तोंडाकडं बघितलं आणि तिचं हसू गेलं. पोरं एकटी आहेत म्हणाली आणि ओहोळाकडं निघाली.

रखमीनं नागलीच्या ढिगावर दोन्ही गोणपाटं टाकली, कडांना दगड ठेवले. मग आत जाऊन चूल पेटवली आणि एकटीपुरतं पीठ मळायला घेतलं.